दोन मोकळी वर्षं: आयपॉडचे हरलेले प्रतिस्पर्धी

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी आयपॉड हा खिशात मावणारा संगीत-प्लेअर जगापुढे ठेवला, तेव्हा तो वापरण्याची सोय फार थोड्यांकडे होती. किंमत ३९९ डॉलर, पाच गिगाबाइटची हार्ड डिस्क, हजार गाणी मावतील एवढी जागा. पण तो जोडायचा तर घरात ॲपलचाच मॅकिंटॉश संगणक हवा, आणि जगातल्या शंभर संगणकांत मॅक तेव्हा पाचही नव्हते. विंडोजसाठीचा आयपॉड २००२ च्या जुलैत जाहीर झाला, तोही म्युझिकमॅच नावाच्या दुसऱ्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर विसंबून, आणि त्याला लागणारं फायरवायर हे जोडणीचं तोंड बहुतेक विंडोज संगणकांना नव्हतंच. ॲपलचं आयट्यून्स विंडोजवर उतरलं ते १६ ऑक्टोबर २००३ रोजी.

म्हणजे जवळपास दोन वर्षं पंच्याण्णव टक्के बाजार इतरांसाठी मोकळा पडलेला होता. त्या इतरांत सोनी होती, सिंगापूरची क्रिएटिव्ह होती, कोरियाची सॅमसंग आणि आयरिव्हर होती, फ्रान्सची आर्कोस होती, अमेरिकेतली रिओ होती. त्यांतल्या बऱ्याच जणांनी ॲपलच्या आधी असे प्लेअर विकले होते. तरी पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा प्लेअरांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक आयपॉड होते. ‘आयपॉड दिसायला देखणा होता’ एवढ्या उत्तरावर हा विषय बहुधा संपवला जातो. हरलेल्यांची एकेक गोष्ट नीट पाहिली, तर ते उत्तर अपुरं ठरतं.

आधी ज्यांनी वाट पाडली त्यांच्याविषयी. १९९८ मध्ये कोरियाच्या साएहान कंपनीने एमपीमॅन हा पहिला व्यापारी एमपी-थ्री प्लेअर काढला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डायमंड मल्टिमीडियाने रिओ पीएमपी३०० आणला. बत्तीस मेगाबाइट मेमरी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचं संगीत, आणि किंमत दोनशे डॉलर. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, आरआयएए, लगेच कोर्टात गेली. १९९२ च्या ध्वनिमुद्रण कायद्याखाली या यंत्रावर बंदी घाला, अशी तिची मागणी होती. जून १९९९ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला. रिओ हे त्या कायद्याच्या व्याख्येतलं ध्वनिमुद्रण यंत्र नाही, आणि स्वतःच्या संगणकातलं गाणं स्वतःच्या खिशातल्या यंत्रावर नेणं हा खासगी वापर आहे, असं न्यायालयाने मानलं. हा निकाल उलटा लागला असता तर आयपॉडचा रस्ता फारच अवघड झाला असता. त्या खटल्याचा खर्च आणि जोखीम डायमंडने उचलली. पुढे ही कंपनी एस-थ्रीमध्ये विलीन झाली, एस-थ्रीचं सॉनिकब्लू झालं आणि मार्च २००३ मध्ये सॉनिकब्लूने दिवाळखोरीचा अर्ज केला. विंडोजवरचं आयट्यून्स यायला तेव्हा सात महिने बाकी होते.

हार्ड डिस्कवर सगळा संग्रह बरोबर न्यायची कल्पनाही ॲपलची नव्हे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि नंतर ती विकत घेणारी कॉम्पॅक, यांच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात १९९८ पासून ‘पर्सनल ज्यूकबॉक्स’वर काम चाललं होतं. १९९९ च्या अखेरीस कोरियाच्या हँगो कंपनीने तो विकायला काढला. क्षमता ४.८ गिगाबाइट, म्हणजे दोन वर्षांनी आलेल्या पहिल्या आयपॉडच्या जवळपास बरोबरीची. २००० मध्ये क्रिएटिव्हचा सहा गिगाबाइटचा नोमॅड ज्यूकबॉक्स आला आणि आर्कोसचाही ज्यूकबॉक्स आला. तिघांच्याही पोटात लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क होती. नोमॅडचा आकार तर हातात धरायच्या सीडी प्लेअरएवढा. शिवाय गाणी भरायची जुन्या यूएसबीतून, जिचा वेग सेकंदाला कागदोपत्री बारा मेगाबिट. सहा गिगाबाइट भरायचे तर तासन्‌तास संगणकापुढे बसावं लागे. फायरवायरचा वेग ४०० मेगाबिट होता, आणि एक अख्खी सीडी दहा सेकंदांत आत जाते असं ॲपल सांगत होती.

छोटी डिस्क ॲपलने शोधून काढली हे खरं, पण ती बनवली तोशिबाने. २००१ च्या सुरुवातीला ॲपलचे जॉन रूबिनस्टाइन जपानला गेले असताना तोशिबाच्या लोकांनी त्यांना १.८ इंची डिस्क दाखवली. ती कशासाठी वापरायची, हे तोशिबालाही पुरतं ठरवता आलेलं नव्हतं. रूबिनस्टाइन यांनी जॉब्ज यांच्याकडे एक कोटी डॉलरचा चेक मागितला आणि त्या डिस्कांचं सगळं उत्पादन ॲपलसाठी बांधून घेतलं. आयपॉडचा मेंदू, म्हणजे मुख्य चिप, पोर्टलप्लेअर या छोट्या कंपनीची होती. तिचे बरेच इंजिनिअर हैदराबादेत काम करत, त्यामुळे आयपॉडच्या पहिल्या काही महिन्यांच्या धावपळीत भारतीय हातही आहेत. पुढे याच पोर्टलप्लेअरच्या चिप आयरिव्हरच्या एच१० मध्ये होत्या आणि सॅनडिस्कच्या सान्सा ई२०० मध्येही होत्या. डिस्क बाजारात होती, चिप बाजारात होती. ॲपलजवळ असा कोणताही सुटा भाग नव्हता, जो इतरांना पुढेमागे मिळाला नसता.

मग फरक कुठे पडला? तो यंत्राच्या बाहेर पडला. त्या काळी गाणं सीडीवर असे. ते सीडीवरून संगणकात घ्यायचं, त्याला गायकाचं आणि अल्बमचं नाव लावायचं, याद्या करायच्या आणि मग प्लेअरमध्ये उतरवायचं. या चार पायऱ्यांवर माणूस दमायचा. ॲपलने २००० मध्ये साउंडजॅम नावाचं सॉफ्टवेअर विकत घेऊन त्याचं आयट्यून्स केलं होतं आणि आयपॉड त्याचं शेपूट म्हणून बनवला होता. वायर लावली की संगणकात जे असेल ते आपोआप प्लेअरमध्ये जाई. यंत्र, वायर, सॉफ्टवेअर आणि २८ एप्रिल २००३ पासून गाण्यांचं दुकान, या सगळ्याला एकच कंपनी जबाबदार. बिघडलं तर कोणाला धरायचं, हे ग्राहकाला ठाऊक होतं. प्रतिस्पर्ध्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाकडे ही वाट दोन-तीन कंपन्यांच्या हद्दींतून जात होती, आणि त्या हद्दींवर ग्राहक अडकत होता.

यातली सोनीची कहाणी सर्वांत चटका लावणारी आहे. वॉकमन हा शब्दच जिचा, तिच्याकडे सगळं एका छताखाली होतं. बॅटरी, स्क्रीन, छोटी यंत्रं बनवण्याचं अतुलनीय कसब, व्हायो संगणक, आणि १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स दोन अब्ज डॉलरला घेतल्यापासून जगातली एक बलाढ्य संगीत कंपनीसुद्धा. मेमरी स्टिकवर चालणारा डिजिटल वॉकमन तिने १९९९ मध्येच काढला होता. पण तो एमपी-थ्री थेट वाजवत नसे. गाणी आधी सोनीच्या स्वतःच्या एट्रॅक स्वरूपात बदलायची, ओपनएमजी नावाच्या कुलपात ठेवायची आणि मग संगणकातून ‘चेक-आउट’ करायची. एक गाणं फार तर तीन वेळा बाहेर काढता येई. चौथ्यांदा हवं असेल तर आधीचं परत जमा करायचं. स्वतः पैसे देऊन घेतलेल्या सीडीवरच्या गाण्यालाही हाच नियम लागू होता.

हे नियम इंजिनिअरांच्या मनातून आलेले नव्हते. सोनीची एक शाखा यंत्रं विकत होती आणि दुसरी गाणी. गाणी विकणाऱ्यांना चोरीची धास्ती होती, यंत्र विकणाऱ्यांना ग्राहक हवा होता, आणि दोघांच्या वर बसून निकाल देणारं कोणी नव्हतं. भरीला १९९२ पासून जोपासलेली मिनीडिस्क होती. जपानात ती चांगली रुजली होती, त्यामुळे तिला बाजूला सारून हार्ड डिस्ककडे वळायला सोनीचे पाय उचलेनात. तिचा पहिला हार्ड डिस्क वॉकमन, एनडब्ल्यू-एचडी१, बाजारात आला २००४ च्या जुलैत. आयपॉडला तेव्हा पावणेतीन वर्षं होत आली होती.

यंत्र म्हणून तो वॉकमन अप्रतिम होता. आयपॉडपेक्षा लहान, मजबूत, आणि एका चार्जिंगवर तीस तास चालतो असा कंपनीचा दावा. वीस गिगाबाइटमध्ये तेरा हजार गाणी मावतात अशी जाहिरात होती. मात्र हा आकडा गाठायचा तर प्रत्येक गाणं एट्रॅकमध्ये, तेही अगदी कमी दर्जावर, बदलून घ्यावं लागे. ज्याच्या संगणकात दोन-तीन हजार एमपी-थ्री आधीच साठलेले, त्याने ते सगळे पुन्हा सॉनिकस्टेज या सुस्त सॉफ्टवेअरमधून काढायचे. २००४ संपता संपता सोनीने हट्ट सोडला आणि एमपी-थ्री थेट वाजवण्याची सोय दिली. जानेवारी २००५ मध्ये प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी यांनी टोकियोत परदेशी पत्रकारांपुढे उघड कबुली दिली, की संगीत आणि सिनेमाच्या धंद्याची काळजी करता करता सोनीने स्वतःची यंत्रं मागे ठेवली आणि याचं तिथल्या लोकांना वैषम्य वाटत होतं. एवढ्या ज्येष्ठ माणसाने हे जाहीरपणे बोलायला धैर्य लागतं. तोपर्यंत उशीर मात्र झाला होता. २००४ मध्ये उघडलेलं कनेक्ट हे सोनीचं गाण्यांचं दुकान २००८ मध्ये बंद झालं. पुढे साध्या, कुलपं नसलेल्या वॉकमनच्या जोरावर २०१० च्या ऑगस्टमध्ये सोनीने जपानमधल्या महिन्याच्या विक्रीत आयपॉडला मागे टाकलं. गाण्यांच्या वाटेत अडथळा नसेल तर सोनी काय करू शकते, याचा तो पुरावा म्हणता येईल.

क्रिएटिव्हची लढाई वेगळी. १९९० च्या दशकात घरोघरच्या संगणकाला आवाज मिळाला तो याच कंपनीच्या साउंड ब्लास्टर कार्डामुळे. तिचे संस्थापक सिम वाँग हू सिंगापुरात आदराने पाहिले जाणारे उद्योजक होते. नोव्हेंबर २००४ मध्ये त्यांनी आयपॉडविरुद्ध युद्धच पुकारलं आणि जाहिरातीवर दहा कोटी डॉलर खर्च करण्याची घोषणा केली. त्याच सुमाराचा झेन मायक्रो पाहिला तर त्यांचा आत्मविश्वास समजतो. किंमत २४९ डॉलर, आयपॉड मिनीएवढीच. पण मिनीत चार गिगाबाइट आणि यात पाच, शिवाय एफएम रेडिओ, आवाज रेकॉर्ड करण्याची सोय आणि बॅटरी स्वतः काढून बदलता येणारी. आयपॉडची बॅटरी मेली की यंत्र ॲपलकडे पाठवावं लागे, त्यामुळे ही शेवटची सोय लहान नव्हती.

झेनने आयपॉडला हरवलं नाही, कारण क्रिएटिव्ह प्रत्येक प्रश्नाला एक नवीन मॉडेल काढून उत्तर देत राहिली. म्यूव्हो, नोमॅड, झेन एक्स्ट्रा, झेन टच, झेन मायक्रो, झेन नीऑन, झेन स्लीक, झेन व्हिजन. दुकानात गेलेल्या माणसाला यांतला फरक कोणी समजावून सांगायचा? आणि प्रत्येकाची गाणी भरण्याची तऱ्हा थोडी निराळी. २००४ मधला म्यूव्हो-२ तर वेगळ्याच कारणाने गाजला. त्यात हिताचीची चार गिगाबाइटची मायक्रोड्राइव्ह होती. प्लेअर दोनशे डॉलरला मिळे आणि नुसती ड्राइव्ह घ्यायला गेलं तर त्याच्या दुपटीहून अधिक पैसे पडत. डिजिटल कॅमेरा वापरणारे छायाचित्रकार हे प्लेअर विकत घेऊन फोडायचे, ड्राइव्ह काढून कॅमेऱ्यात घालायचे आणि उरलेलं टाकून द्यायचे. सुटे भाग स्वस्तात मिळवण्याचं कौशल्य क्रिएटिव्हकडे भरपूर होतं, पण त्या भागांपेक्षा आपल्या वस्तूला ग्राहकाच्या नजरेत अधिक मोल मिळवून देणं तिला जमलं नाही.

एका ठिकाणी मात्र ती जिंकली. गायक, मग अल्बम, मग गाणं, अशा पायऱ्यांनी संग्रह उलगडत न्यायची जी रचना नोमॅडमध्ये होती, तिच्या पेटंटसाठी क्रिएटिव्हने जानेवारी २००१ मध्येच अर्ज केला होता. ऑगस्ट २००५ मध्ये पेटंट मिळालं, मे २००६ मध्ये खटला गुदरला गेला आणि त्याच ऑगस्टमध्ये ॲपलने दहा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आयपॉडच्या पडद्यावर लोकांनी वर्षानुवर्षं जे मेनू फिरवले त्यांच्या मुळाशी सिंगापूरच्या कंपनीचा हक्क होता, हे आयपॉडची कौतुकं लिहिताना क्वचितच कोणी नोंदवतं. ते ठळकपणे नोंदवायला हवं.

केवळ वाजवण्याच्या दर्जावर निकाल लागत असता तर २००३ चा रिओ कर्मा जिंकला असता. वीस गिगाबाइट, एफएलएसी आणि ऑग व्हॉर्बिस ही खुली स्वरूपं वाजवण्याची तयारी, घरच्या नेटवर्कला जोडायची सोय, आणि दोन ट्रॅकमध्ये क्षणाचाही खंड न पाडण्याची क्षमता. ख्याल ऐकणाऱ्याला या शेवटच्या गुणाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. विलंबित आणि द्रुत सीडीवर वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात, आणि सम गाठून द्रुत उचलली जाते नेमक्या त्या जागी यंत्र अडखळलं तर मैफल तुटते. आयपॉडला हे २००६ च्या सप्टेंबरात जमलं. कर्मा तोवर जगला नाही. सॉनिकब्लू बुडाल्यावर रिओ जपानच्या डी अँड एम होल्डिंग्जकडे गेली होती, आणि त्या कंपनीने २००५ मध्ये हा धंदाच आवरता घेतला.

आर्कोसच्या पराभवातून निघालेली एक गोष्ट सुखद आहे. तिच्या ज्यूकबॉक्समधलं सॉफ्टवेअर इतकं अपुरं होतं, की २००१ च्या अखेरीस स्वीडनमधल्या काही प्रोग्रॅमरांनी ते फेकून स्वतःचं लिहायला घेतलं. रॉकबॉक्स हे त्याचं नाव. ते पुढे आयरिव्हरवर, सान्सावर आणि खुद्द आयपॉडवरही चालू लागलं. त्यातले मेनू बोलत असत, म्हणून दृष्टिहीन श्रोत्यांना पहिल्यांदा कोणाच्या मदतीशिवाय हजारो गाण्यांतून हवं ते शोधता आलं. ॲपलच्या आयपॉड नॅनोला हे बोलके मेनू २००८ मध्ये मिळाले. रॉकबॉक्समध्ये संग्रहाची मांडणीही आपल्या मनाप्रमाणे बदलता येई. गायक-अल्बम-गाणं ही पाश्चात्त्य पॉपची मांडणी नाट्यसंगीताला किंवा रागसंगीताला तोकडी पडते, कारण तिथे रागाने, नाटकाने किंवा संगीतकाराने शोधायचं असतं. ती मुभा देणारं सॉफ्टवेअर पगाराविना काम करणाऱ्यांनी लिहिलं आणि हरलेल्या कंपन्यांच्या यंत्रांना वर्षानुवर्षं जिवंत ठेवलं.

आयरिव्हरला तर सरसकट हरलेली म्हणणंही अन्यायाचं. तिच्या मायदेशी, कोरियात, ती आघाडीवर होती. तिथे ॲपलचं गाण्यांचं दुकान नव्हतं, त्यामुळे आयपॉडची निम्मी ताकद तिथे पोचलीच नाही. अमेरिकेत पाय रोवता आले नाहीत तरी कंपनी टिकली आणि पुढे ॲस्टेल अँड केर्न या नावाने चोखंदळ कानांसाठी महागडे प्लेअर बनवू लागली.

संगणक विकणाऱ्या दोन बड्या कंपन्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डेलने २००३ मध्ये डेल डीजे आणला. तो बनवला होता क्रिएटिव्हने आणि गाणी भरायची म्युझिकमॅचमधून. डेलचा बहुतेक व्यापार फोनवर आणि इंटरनेटवर, त्यामुळे प्लेअर हातात घेऊन पाहायला क्वचितच मिळे. २००४ मध्ये आयपॉड जमा करा आणि शंभर डॉलर सूट घ्या अशी योजनाही काढून झाली. २००६ मध्ये डेलने तो विषय संपवला. एचपीने वेगळा मार्ग धरला. जानेवारी २००४ मध्ये तिच्या प्रमुख कार्ली फिओरिना यांनी एचपीच्या नावाचा आयपॉड जाहीर केला. समारंभात तो निळ्या रंगात दाखवला होता, पण दुकानात आला तो ॲपलचाच पांढरा. बदल्यात एचपीच्या लाखो संगणकांवर आयट्यून्स आधीच बसवून मिळू लागलं. २००५ च्या जुलैत करार मोडला. त्या वर्ष-दीड वर्षात मोठा प्रतिस्पर्धी होऊ शकणारी एक कंपनी स्वखुशीने ॲपलची वितरक झाली होती.

मायक्रोसॉफ्टकडे यंत्रं नव्हती, पण विंडोज होतं, आणि विंडोजचा विजय तिने ज्या रीतीने मिळवला तीच रीत तिने इथे वापरली. आपण सॉफ्टवेअर आणि कुलूप पुरवायचं, यंत्रं इतरांनी करायची, दुकानं आणखी कोणी चालवायची. २००४ मध्ये या व्यवस्थेला ‘प्लेज फॉर शुअर’ असं नाव दिलं. क्रिएटिव्ह, आयरिव्हर, सॅमसंग, डेल यांची यंत्रं एका बाजूला. नॅपस्टर, वॉलमार्ट, याहू आणि खुद्द मायक्रोसॉफ्टचं एमएसएन म्युझिक ही दुकानं दुसऱ्या बाजूला. कागदावर ग्राहकाला केवढी निवड! प्रत्यक्षात गाणं वाजलं नाही की यंत्रवाला दुकानाकडे बोट दाखवायचा, दुकान विंडोजकडे, आणि विंडोजचा माणूस यंत्रवाल्याकडे. संगणकांच्या बाजारात अशी वाटणी चालून गेली, कारण कार्यालयात बिघाड निस्तरायला पगारी माणूस असतो. गाणी ऐकणाऱ्याच्या घरी तो नसतो.

ही व्यवस्था चालत नाही हे मायक्रोसॉफ्टला उमगलं, आणि १४ नोव्हेंबर २००६ रोजी तिने स्वतःचा प्लेअर आणला, झून. तीस गिगाबाइट, २४९ डॉलर, तीन इंची पडदा, एफएम आणि वाय-फाय. बनवला होता तोशिबाने. जिच्या डिस्कवर पहिला आयपॉड उभा राहिला, जिने स्वतःचा गिगाबीट हा प्लेअरही विकून पाहिला, तीच तोशिबा. झूनने पहिला घाव घातला तो मायक्रोसॉफ्टच्याच मित्रांवर. ‘प्लेज फॉर शुअर’ दुकानांतून घेतलेली गाणी झूनवर वाजत नव्हती. दोन वर्षं ज्यांनी तिच्या भरवशावर यंत्रं आणि दुकानं उभी केली त्यांना तिने उघड्यावर सोडलं, आणि ज्या ग्राहकांनी एमएसएन म्युझिकवर गाणी विकत घेतली होती त्यांनाही. व्यापारातली ही चूक नुसत्या तोट्यात मोजता येत नाही, कारण तिथून पुढे मायक्रोसॉफ्टच्या शब्दावर विसंबणारा सोबती मिळणं कठीण झालं.

झूनमधलं वाय-फाय हे त्याचं वेगळेपण असायला हवं होतं. एका झूनवरून शेजारच्या झूनवर गाणं पाठवता येई. ते तीन वेळा वाजवलं किंवा तीन दिवस झाले की बंद पडे, आणि हा नियम स्वतः गाऊन रेकॉर्ड केलेल्या गाण्यालाही लागू होता. शेजारी झूनवाला भेटण्याची शक्यता मुळात किती? इंटरनेटवरून थेट गाणं उतरवायला मात्र तेच वाय-फाय सुरुवातीला उपयोगी नव्हतं. इथेही रेकॉर्ड कंपन्यांचा हात आड आला. युनिव्हर्सलने तर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक झूनमागे एक डॉलरहून अधिक रक्कम मायक्रोसॉफ्टकडून कबूल करून घेतली होती.

पुढच्या आवृत्त्या खरोखर चांगल्या होत्या. नवीन सॉफ्टवेअरमधल्या सुधारणा जुन्या झूनलाही फुकट देण्याचा मोठेपणा मायक्रोसॉफ्टने दाखवला. २००९ च्या झून एचडीचा पडदा देखणा होता. पण ३१ डिसेंबर २००८ ला जगभरातले तीस गिगाबाइटचे झून एकाच वेळी गोठले, कारण लीप वर्षाचा ३६६ वा दिवस घड्याळाच्या प्रोग्रॅमला कळला नाही. बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि उद्या दुपारनंतर सुरू करा, एवढाच सल्ला कंपनी देऊ शकली. त्याच तिमाहीत झूनचं उत्पन्न दहा कोटी डॉलरने, म्हणजे ५४ टक्क्यांनी घसरलं. त्याच तीन महिन्यांत ॲपलने दोन कोटी सत्तावीस लाख आयपॉड विकले. २०११ मध्ये झून बंद झाला.

सॅनडिस्कची बाजू सर्वांत भक्कम असायला हवी होती. २००५ नंतर प्लेअर हार्ड डिस्ककडून फ्लॅश मेमरीकडे वळले, आणि फ्लॅश हा तर सॅनडिस्कचा घरचा माल. सान्सा मालिकेने ती अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोचली. २००७ चा सान्सा क्लिप स्वस्त, हलका आणि आवाजाने उत्तम होता. पण २००६ मधल्या जाहिरातींत तिने आयपॉड वापरणाऱ्यांना मेंढरं म्हटलं. आयपॉड विकत घेतलेल्या माणसाला आपल्याकडे वळवायचं असताना त्याचा अपमान करून काय साधणार होतं? आणि मालाच्या बाजूने ॲपलने आधीच पाऊल उचललं होतं. नोव्हेंबर २००५ मध्ये हायनिक्स, इंटेल, मायक्रॉन, सॅमसंग आणि तोशिबा या पाचही कंपन्यांना सव्वा अब्ज डॉलर आगाऊ देऊन तिने २०१० पर्यंतची फ्लॅश मेमरी राखून ठेवली. तोशिबाच्या छोट्या डिस्कच्या वेळी जे केलं, तेच कित्येक पटींनी मोठ्या प्रमाणावर. छोट्या कंपन्यांना एवढी रोकड ओतणं शक्यच नव्हतं. पहिल्या दोन वर्षांतली संधी निसटल्यावर नंतरच्या लढतीत पैशाचं वजनही ॲपलच्या पारड्यात पडलं होतं.

आयट्यून्सच्या दुकानातल्या कुलूपबंद गाण्यांनी ग्राहक अडकले, म्हणून बाकीचे हरले, असंही एक स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. जॉब्ज यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनातला आकडा त्याच्या विरुद्ध जातो. तोवर विकल्या गेलेल्या प्रत्येक आयपॉडमागे दुकानातून सरासरी बावीस गाणी विकली गेली होती, म्हणजे भरलेल्या आयपॉडमधल्या तीन टक्क्यांहूनही कमी. हा आकडा ॲपलच्या सोयीचा होता हे मान्य करूनही, उरलेली सत्त्याण्णव टक्के गाणी लोकांच्या स्वतःच्या सीडींमधून किंवा इकडूनतिकडून आलेली, कुठल्याही यंत्रावर वाजणारी होती. म्हणजे दुसरीकडे जाण्याची मोकळीक बहुतेकांना होती. गाणी घेऊन जायला त्रास पडणार नाही असा दुसरा दरवाजा त्यांना दिसला नाही.

महाराष्ट्रात ही लढाई जवळजवळ झालीच नाही. आयट्यून्सचं दुकान भारतात उघडलं ते डिसेंबर २०१२ मध्ये. त्याआधीच्या वर्षांत पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपी-थ्री सीडी मिळत, पेनड्राइव्हच्या आकाराचे चिनी प्लेअर मिळत, आणि मग आले मेमरी कार्डाचे मोबाइल. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात कार्ड दिलं की थोड्या पैशांत अभंग, लावण्या, नवीन सिनेमाची गाणी भरून मिळत. ते बेकायदा होतं आणि गायक-वादकांच्या हाती त्यातून काही पडलं नाही, ही त्याची दुखरी बाजू आहे. पण सीडीपासून कानापर्यंतची वाट एकाच माणसाने सांभाळायची, हे काम तो दुकानदार करत होता. त्याला ना आयपॉडची गरज होती ना झूनची.

मोबाइलच पुढे सगळ्यांचा वारस ठरला. २००५ मध्ये सोनी एरिक्सनचा डब्ल्यू८०० हा वॉकमन फोन चांगला चालला. त्याच वर्षीच्या मोटोरोलाच्या रॉकरमध्ये आयट्यून्स होतं खरं, पण शंभर गाण्यांची मर्यादा घातलेली, त्यामुळे तो पडला. आयपॉडची वार्षिक विक्री ॲपलच्या २००८ च्या आर्थिक वर्षात पाच कोटी अठ्ठेचाळीस लाखांवर पोचली आणि तिथून ओसरत गेली. शेवटचा आयपॉड मे २०२२ मध्ये बंद झाला.

हरलेल्यांची एक कल्पना मात्र मागे उरली. दरमहा ठरावीक रक्कम द्या आणि हवी तितकी गाणी ऐका. नॅपस्टरने फेब्रुवारी २००५ मध्ये महिन्याला सुमारे पंधरा डॉलरला ती देऊ केली होती, याहूने त्याहून स्वस्तात, आणि झून पासमध्ये तर ती फार चांगल्या रीतीने बसवलेली होती. लोकांना संगीत भाड्याने नको, मालकीचं हवं, असं जॉब्ज त्या वर्षांत पुनःपुन्हा सांगत होते. ३० जून २०१५ रोजी ॲपलने महिन्याच्या वर्गणीवर चालणारी ॲपल म्युझिक सेवा सुरू केली. भारतात तिचा दर होता महिना १२० रुपये. मायक्रोसॉफ्टने झूनच्या उरल्यासुरल्या सेवा बंद केल्या त्या त्याच वर्षी, नोव्हेंबरात.